वाढत्या शहराचें पाणी व शेतकऱ्याचा वांटा

उन्हाळा चढूं लागला कीं पुण्यांत एक दिवसाआड पाणी देण्याची भाषा सुरू होते, आणि त्याच सुमारास दौंड-इंदापुराकडील शेतकरी कालव्याचें उन्हाळी आवर्तन मिळणार कीं नाहीं या विवंचनेंत असतो. दोघांचीही तहान एकाच खडकवासल्यावर आहे. शहर वाढत आहे, तें यापुढेंही वाढणार, आणि प्यावयाच्या पाण्यास पहिला मान आहे, या तीन गोष्टींबद्दल कोणाही समंजस शेतकऱ्याचा वाद नाहीं. वाद आहे तो एवढाच कीं, वाढत्या शहराच्या पाण्याची तरतूद पुढील तीस वर्षांचा हिशेब मांडून व्हावयाची, कीं दर उन्हाळ्यास कालव्याचें दार थोडें अधिक मिटून व्हावयाची? आजवर दुसराच मार्ग चालत आला आहे. तो शेतकऱ्यास घातक आहे हें उघडच आहे; परंतु तो शहरासही घातक आहे, हें या लेखांत दाखवावयाचें आहे.

खडकवासल्याचें धरण कर्नल फाइफ या अभियंत्याच्या योजनेप्रमाणें सन १८७९ च्या सुमारास पुरें झालें. मुठेच्या कालव्यांखालील शेतीस पाणी व पुणें-खडकी येथील वस्तीस पिण्याचें पाणी, असा दुहेरी हेतु त्यांत पहिल्यापासून होता. म्हणजे शहर व शेत हे या तळ्याचे जुने भागीदार आहेत. कोणी कोणाच्या घरांत मागून शिरलेला नाहीं. पुढें १२ जुलै १९६१ रोजीं पानशेतचें धरण फुटलें, त्याबरोबर खडकवासलाही गेला, आणि पुणेंकरांनीं पाण्याचें रौद्र रूप पाहिलें. नंतर दोन्ही धरणें पुन्हां उभीं राहिलीं. वरसगांव व टेमघर यांची भर पडली. आज या चार धरणांत मिळून सुमारें २९ अब्ज घनफूट उपयुक्त सांठा होतो. कालव्यावर यालाच टी.एम.सी. म्हणतात. त्यांपैकीं पानशेतचा वांटा सुमारें साडेदहा, वरसगांवचा पावणेतेरा, टेमघरचा पावणेचार व खुद्द खडकवासल्याचा दोनांहून किंचित् कमी आहे. नवा मुठा उजवा कालवा हवेली, दौंड व इंदापूर या तालुक्यांतून दोनशें किलोमीटरपर्यंत जातो, आणि त्याच्या लाभक्षेत्रांत बासष्ट हजार हेक्टर जमीन धरलेली आहे.

आतां शहराची बाजू पाहूं. महानगरपालिकेच्या हद्दींत सन २००१ च्या खानेसुमारींत २५ लक्षांहून थोडी अधिक वस्ती होती; सन २०११ मध्यें ती ३१ लक्षांवर गेली. त्यानंतर सन २०१७ मध्यें अकरा व सन २०२१ मध्यें तेवीस गांवें हद्दींत घेतलीं गेलीं. या गांवांतील कित्येक वस्त्या नळावर नव्हे, तर टँकरवर दिवस काढीत आल्या आहेत. आणि तेथील मूळ रहिवासी म्हणजे आपलेच भाऊबंद होत. शहरासाठीं करारानें वर्षास साडेअकरा अब्ज घनफूट पाणी ठरलें. प्रत्यक्ष उचल मात्र गेल्या कांहीं वर्षांत सोळा अब्जांहून पुष्कळ अधिक होत आली आहे. हा फरक कोठून भरून निघतो, तें कालव्याच्या शेपटाकडील शेतकऱ्यास सांगावयास नको.

पण शहरास खरोखर किती पाणी लागतें, याचा हिशेब बिगारीच्या मुलासही मांडतां येईल. मोठ्या महानगरांत माणशीं दररोज १५० लिटर हें प्रमाण राज्याच्या जलसंपत्ति नियमन प्राधिकरणानें धरलें आहे. या प्रमाणानें पन्नास लक्ष लोकांस दिवसास ७५ कोटि लिटर, म्हणजे वर्षास ९.७ अब्ज घनफूट पाणी पुरतें. नळांत शेंकडा वीस पाणी वायां जातें असें उदारपणें धरलें तरी बारा अब्ज पुष्कळ झालें. तीस वर्षांनीं वस्ती पाऊण कोटि झाली असें समजूं. तिला १४.५ अब्ज, व तीच वीस टक्के तूट धरून अठरा अब्ज लागेल. याचा अर्थ असा कीं, नळ बऱ्यापैकीं धड असतील तर पाऊण कोटि लोकांस पुरेल इतकें पाणी शहर आजच उचलीत आहे.

मग तें जातें कोठें? पालिकेनेंच वेळोवेळीं मान्य केलें आहे कीं, शेंकडा तीसाहून अधिक पाणी गळतींत व बिनहिशेबी जातें. अठरा अब्जांच्या तृतीयांश म्हणजे सहा अब्ज. त्यांतील निम्मी गळती थांबली तरी तीन अब्ज हातीं लागतील. भामा-आसखेडहून पुण्यास मंजूर झालेलें पाणी अडीच अब्जांहून थोडेंच अधिक आहे. त्यासाठीं लांबचे नळ घालावे लागले, खेड तालुक्यांतील धरणग्रस्तांच्या पुनर्वसनाचा तंटा अनेक वर्षें चालला, आणि पाणी शहराच्या पूर्व भागांत पोहोंचावयास सन २०२१ उजाडलें. जें पाणी शहराच्या स्वतःच्या रस्त्यांखालीं मुरत होतें, त्याहून कमी पाण्यासाठीं एवढा खटाटोप!

दूरचें पाणी ओढून आणण्याचा हा मार्ग मुंबईनेंही धरला. विहार, तुळशी, तानसा, वैतरणा, भातसा आणि सन २०१४ मध्यें मध्य वैतरणा, अशी तिची धांव दीडशें वर्षांत डोंगरामागून डोंगर ओलांडीत गेली. ज्या शहापूर तालुक्यांतून हें पाणी जातें, तेथील कित्येक पाड्यांवर उन्हाळ्यांत टँकरची वाट पाहावी लागते. मावळांत पवनेचें पाणी बंद नळानें पिंपरी-चिंचवडकडे नेण्याच्या योजनेस शेतकऱ्यांनीं विरोध केला, तेव्हां ९ ऑगस्ट २०११ रोजीं गोळीबार होऊन तिघांचे प्राण गेले. आतां मुळशीच्या पाण्याकडे दृष्टि वळली आहे. ज्या मुळशीसाठीं सन १९२१ मध्यें मावळे सत्याग्रहास उभे राहिले, तिचें पाणी कोंकणांत उतरवून वीज करण्यांत येतें. त्यांतील कांहीं भाग भीमेच्या खोऱ्यास परत मिळाला तर आम्हांस आनंदच आहे. परंतु फुटक्या घागरींत कितीही ओतलें तरी ती भरत नाहीं. आधीं घागर सांधली पाहिजे.

शेतकऱ्याच्या बाजूनें एक अब्ज घनफूट म्हणजे काय, हेंही शहरवासीयांनीं समजून घ्यावें. एवढें पाणी कालव्याच्या मुखाशीं सुटलें आणि वाटेंत निम्में मुरलें, तरी चार बोटांच्या हिशेबानें, म्हणजे दहा सेंटिमीटर भरणीनें, चौदा हजार हेक्टरांस, अर्थात् पस्तीस हजार एकरांस एक पाळी मिळते. एक पाळी चुकली म्हणजे उभा गहूं दाण्यांत भरत नाहीं, चारा वाळतो, दुभतीं जनावरें बाजार दाखवितात. त्या जनावरांचें दूध व त्या शेतांतील भाजी पुण्याच्याच बाजारांत जात होती, हेंही विसरतां कामा नये.

तर मग करावें काय? आमच्या मतें दीर्घकालीन योजनेंत चार गोष्टी अवश्य असाव्या.

पहिली, मोजमाप. धरणांतून किती सुटलें, शहराच्या शुद्धीकरण केंद्रावर किती पोहोंचलें, प्रत्येक भागास किती गेलें व घरोघर किती पडलें, हें मापकांनीं मोजून दरमहा जाहीर व्हावें. समान पाणीपुरवठ्याच्या योजनेंत घरोघर मापकें बसविण्याचें काम पालिकेनें हातीं घेतलें आहे; तें अर्ध्यावर राहतां कामा नये. न मोजलेल्या पाण्याची काटकसर कोणीच करीत नाहीं, शहरांतही नाहीं आणि शेतांतही नाहीं.

दुसरी, वापरलेलें पाणी. घरांत आलेल्या पाण्यापैकीं शेंकडा ऐंशीं भाग सांडपाणी होऊन बाहेर पडतो असें अभियंते धरतात. पाऊण कोटि लोकांच्या साडेचौदा अब्जांपैकीं साडेअकरा अब्ज अशा रीतीनें परत येईल. हें पानशेतच्या सांठ्याहून अधिक आहे! पावसानें ओढ दिली तरी न आटणारें असें हें धरण शहराच्या खालूनच वाहणार आहे. करारांत साडेसहा अब्ज शुद्ध केलेलें पाणी शेतीस परत देण्याचें ठरलें, व त्यासाठीं मुंढव्याजवळ तें उचलून जुन्या कालव्यांत सोडण्याची व्यवस्थाही झाली. पण शुद्ध या शब्दाचा अर्थ कागदावर एक व पाटांत दुसरा, असें होऊं नये. फेंसाळ व दुर्गंधियुक्त पाण्यानें जमीन बिघडते, विहिरी नासतात, आणि उरलेलें उजनींत जाऊन सोलापुराच्या घशाखालीं उतरतें. इस्रायल देशांत चार-पंचमांशाहून अधिक सांडपाणी शुद्ध होऊन शेतीस मिळतें. तेल अवीवच्या परिसरांतील असें पाणी दक्षिणेकडील नेगेव्हच्या रुक्ष प्रदेशांत बागा पिकवितें. जपानच्या जायका संस्थेच्या कर्जानें पुण्यांत नवीं शुद्धीकरण केंद्रें बांधण्याचें काम निघालें आहे. नवें धरण मागण्यापूर्वीं हीं केंद्रें पूर्ण क्षमतेनें चालवून दाखविण्याची अट शहरास असावी.

तिसरी, दुष्काळाचा नियम आधींच ठरविणें. धुळें-नाशिककडील फड पद्धतींत बंधाऱ्यास पाणी कमी असेल त्या वर्षीं किती फड भिजवावयाचे हें पाणी पाहून ठरतें, आणि तंगीचा भार सर्वांवर पडतो. विश्वेश्वरय्यांनीं नीरा कालव्यावर ब्लॉक पद्धत आणली, तिचेंही मर्म पाणी ठराविक मापानें, ठराविक क्षेत्रास व अधिक लोकांस मिळावें हेंच होतें. तोच न्याय येथें लावावा. १५ ऑक्टोबरास धरणांत किती सांठा असेल तर शहरानें किती टक्के कपात सोसावी व शेतकऱ्यानें किती, हें कोष्टक आगाऊ छापून जाहीर असावें. पिण्यापुरतें पाणी अबाधित. त्यावरील गाड्या धुणें, पोहण्याचे तलाव, हिरवळी यांस कात्री पहिली. कालवा सल्लागार समितीच्या बैठकींत ज्याचा आवाज मोठा त्याचें पाणी, हा प्रकार मग राहणार नाहीं. शेतकऱ्यासही पेरणीपूर्वींच कळेल कीं यंदा ऊंस राखावा कीं हरभऱ्यावर भागवावें.

चौथी, जमिनीबरोबर पाणी. हडपसर-मांजरीकडील कालव्याखालच्या कित्येक शिवारांत आज इमारती उभ्या आहेत. जी जमीन भिजेनाशी झाली, तिच्या वांट्याचें पाणी तेथील घरांस जावें, हें आम्हीं मोकळेपणानें मान्य केलें पाहिजे. परंतु तें एकदांच व मोजून जावें; त्या निमित्तानें दौंड-इंदापुरांतील भिजणाऱ्या जमिनीचा वांटा कापला जाऊं नये.

येथें कोणी म्हणेल कीं, शहर व कारखाने एका घागरीवर जितकें धन निर्माण करतात, तितकें शेत करीत नाहीं; मग पाणी तिकडेच कां जाऊं नये? याला उत्तर असें कीं, पाण्याचा भाव केवळ रुपयांत होत नाहीं. कालव्याच्या पाण्यावर गांवें वसलीं, कर्जें उभारलीं गेलीं, सहकारी कारखाने निघाले. तें पाणी काढून घेतलें तर हीं माणसें उद्यां शहराच्याच नळाखालीं हंडा घेऊन उभीं राहतील. गांव मोडून शहराची तहान भागत नाहीं, ती वाढते.

आतां चार शब्द आपल्या घराबद्दल. शहराच्या गळतीकडे बोट दाखवितांना आपल्या पाटांतून व मोकाट भरणीनें जाणारें पाणीही दिसलें पाहिजे. रात्रीं दार उघडून निजणारा बागायतदार खालच्या शेतकऱ्याचें पीक मारतो. ऊंस ठिबकावर आणणें, पोटचाऱ्या दुरुस्त ठेवणें, आणि सन २००५ च्या कायद्याप्रमाणें पाणी वापर संस्था काढून पाणी घनमापनानें घेणें, हें आपल्या हातचें आहे. दिंडोरी तालुक्यांतील वाघाड प्रकल्पावरील शेतकऱ्यांनीं हें करून दाखविलें आहे. जो स्वतःचें पाणी मोजून घेतो, त्यालाच दुसऱ्याचें माप मागण्याचा अधिकार पोहोंचतो. आणि कोष्टक ठरवावयाच्या बैठकींत आंकडे घेऊन बसलेल्या संस्थेस कोणी सहज बाजूस सारूं शकत नाहीं.

म्हणून खडकवासल्याच्या लाभक्षेत्रांतील प्रत्येक गांवानें येत्या रबी हंगामापूर्वीं दोन कामें करावीं, अशी आमची विनंति आहे. आपल्या चारीवर संस्था नसेल तर ती नोंदवावी, आणि असेल तर गेल्या पांच वर्षांत किती आवर्तनें मिळालीं व किती क्षेत्र भिजलें याचा तक्ता तयार करून कालवा सल्लागार समितीपुढें ठेवावा. शहराचे अभियंते पुढील तीस वर्षांचे नकाशे काढीतच असतात. त्या नकाशांत कालव्याचें शेपूट दिसावयाचें असेल, तर तें दाखविणारा कागद आपणच नेला पाहिजे.