किमोच्या पहिल्या तारखेलाच विचारा

आचोळेकरांनो, तुमच्या घरात, चाळीत, इमारतीत कुणाचा कॅन्सर पसरल्याचं निदान झालं असेल, तर पुढच्या तारखेला डॉक्टरांना एवढं विचाराच : "आमच्या पेशंटला पॅलिएटिव्ह केअरच्या डॉक्टरांकडे आत्ताच पाठवाल का?" आत्ताच. किमो चालू असताना, शेक चालू असताना. पॅलिएटिव्ह केअर म्हणजे दुखणं आणि इतर त्रास कमी करणारी सेवा.

इतक्या कळकळीने लिहिते आहे, कारण आम्ही विचारलं नाही. बाबांचा फुफ्फुसाचा कॅन्सर मणक्यात उतरला होता. स्कॅन, रक्त, किमो यांतच पाच महिने गेले. "या आजारात दुखणारच," असं आम्हीच एकमेकांना समजावत होतो. रात्री त्यांना आडवं होता यायचं नाही. प्लास्टिकच्या खुर्चीत बसून, समोरच्या स्टुलावर दोन उशा रचून त्यांवर कपाळ टेकायचे. मध्येच मान उचलून विचारायचे, "किती वाजले गं?" पुढच्या गोळीला अजून तीन तास असायचे.

एका डॉक्टरांनी कागदावर 'पॅलिएटिव्ह' लिहिलं, तेव्हा दादाने तो कागद फाईलच्या तळाशी सरकवला. आम्हाला वाटलं, डॉक्टरांनी हात टेकले. तीन आठवड्यांनी पॅलिएटिव्हच्या डॉक्टरांकडे गेलो. मॉर्फिन सुरू झालं. दोन दिवसांनी बाबा खाटेवर आडवे झोपले आणि सकाळी उठून चहाबरोबर खारी मागितली. त्यानंतर ते एकोणीस दिवस होते.

पॅलिएटिव्ह म्हणजे उपचार थांबवणं, हा समज साफ चुकीचा आहे. बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये बाबांसारखाच पसरलेला फुफ्फुसाचा कॅन्सर असलेल्या १५१ रुग्णांचा अभ्यास झाला. तो २०१० साली प्रसिद्ध झाला. निम्म्या रुग्णांना निदानानंतर लगेचच नेहमीच्या उपचारांसोबत ही सेवा दिली. त्यांचे दिवस अधिक सुसह्य गेले, नैराश्य कमी राहिलं आणि ते जगलेही जास्त : मध्यक ११.६ महिने, इतरांचा ८.९. प्रत्येकाचं आयुष्य वाढेलच, असं कुणी सांगू शकत नाही. पण रात्रीची झोप आणि दोन घास मागायला शेवटच्या दिवसांची वाट का पाहायची?

मॉर्फिनला घाबरू नका. दुखण्यासाठी, डॉक्टरांच्या देखरेखीखाली घेतलं तर त्याचं व्यसन सहसा लागत नाही. बद्धकोष्ठ मात्र होतं, म्हणून पोट साफ होण्याचं औषध सोबत मागून घ्या. कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये मॉर्फिन मिळत नाही. २०१४ साली कायदा बदलल्यापासून मान्यताप्राप्त रुग्णालयांना ते ठेवणं सोपं झालं आहे.

परळच्या टाटा मेमोरियलमध्ये पॅलिएटिव्ह मेडिसिनचा स्वतंत्र विभाग आहे. घरी सांभाळणं अशक्यच झालं, तर वांद्र्याला १९८६ साली सुरू झालेलं शांती आवेदना सदन हे कॅन्सर रुग्णांचं शुश्रूषा केंद्र आहे. नालासोपाऱ्याहून दादरपर्यंतची लोकल आजारी माणसाला किती जड जाते, ते आपल्याला कुणी सांगायला नको. म्हणून कॅन्सरच्या आणि पॅलिएटिव्हच्या, दोन्ही डॉक्टरांच्या तारखा एकाच दिवशी मागा. फोनवर सल्ला मिळेल का, टीम घरी येते का, आचोळ्यापर्यंत येते का, हेही विचारा.

आज रात्रीपासून एक वही ठेवा. दुखणं किती वाजता उठलं, दहापैकी किती होतं, झोप किती लागली, उलटी झाली का, सगळं लिहा आणि ती वही डॉक्टरांपुढे ठेवा. "अजून ती वेळ आली नाही," असं कुणी म्हणालं, तरी पॅलिएटिव्हची तारीख घेतल्याशिवाय उठू नका.