मतदानाआधीचे पान

संस्थेच्या विश्वस्त मंडळाची निवडणूक जाहीर झाली की विकीवर तिची पाने उभी करण्याचे काम हौशी कार्यकर्त्याच्या गळ्यात पडते आणि एका संध्याकाळी उरकले जाते. हे थांबायला हवे. मतदार कोण, अर्ज कधीपर्यंत, मत कसे द्यायचे हे सारे सभासदाला त्या पानावरूनच कळते. तिथे चूक राहिली तर पुढची मोजणी कितीही चोख असली तरी उपयोग नाही.

विकिमीडिया प्रतिष्ठानची २०२१ ची निवडणूक आठवा. ४ जागा, १९ उमेदवार आणि पद्धतही नवी. त्याआधीच्या निवडणुकीत प्रत्येक उमेदवारापुढे पाठिंबा, विरोध किंवा तटस्थ असे नोंदवायचे होते. २०२१ मध्ये पसंतीक्रम आला, म्हणजे मत पुढच्या पसंतीच्या उमेदवाराकडे जाऊ शकते. मतदान गुप्त, सिक्युअरपोल या मतदान-साधनात. माहिती मात्र मेटा-विकी या समन्वयाच्या विकीवर, अनेक भाषांत. ‘मत दुसऱ्याकडे जाते म्हणजे काय?’ हा प्रश्न अशा वेळी हमखास येतो. विधान परिषदेच्या पदवीधर मतदारसंघात मत दिलेल्या माणसाला पहिल्या पसंतीची मते आणि कोटा नवे नाहीत. मराठी पानावर तेच उदाहरण द्यावे, परकी आकृती कशाला?

आमचा खरा आग्रह भाषांतराबद्दल आहे. मूळ इंग्रजी मजकूर पक्का होण्याआधीच पान भाषांतरासाठी खुले करण्याची घाई होते. मग मूळ पानात कुणी एक वाक्य बदलतो, त्या परिच्छेदाचे प्रत्येक भाषांतर शिळे होते आणि मराठी वाचक मुदत संपेपर्यंत जुनाच नियम वाचत राहतो. त्याचा हक्क कुणी हिरावलेला नसतो, पण गेलेला असतो. म्हणून निवडणूक समितीने मजकुरावर शेवटचा हात फिरवावा, मगच पान भाषांतरासाठी खुले करावे. परिच्छेद लहान ठेवावेत. तारखा आणि दुवे वाक्यात कोरू नयेत, भाषांतर-चलांत, म्हणजे भाषांतरात हात न लावायच्या जागांत, ठेवावेत. तारीख पुढे गेली तर पान भाषांतरासाठी पुन्हा चिन्हांकित केले की सगळ्या भाषांत ती आपोआप बदलते, भाषांतरकाराला पुन्हा बसावे लागत नाही.

वेळेचेही तसेच. ‘३१ ऑगस्ट, २३:५९ यूटीसी’ म्हणजे आपल्याकडे १ सप्टेंबरची पहाट, ५ वाजून २९ मिनिटे. हे भाषांतरात स्पष्ट लिहावे.

पात्रतेचा निकष तपासता येईल असा असावा. ठरलेल्या तारखेपर्यंत ३०० संपादने आणि तिच्या आधीच्या सहा महिन्यांत २०, असे नुसते लिहून भागत नाही; सदस्यनाव टाकले की उत्तर देणाऱ्या साधनाचा दुवा त्याच ओळीत हवा. नव्या संपादकाला, विशेषतः लहान विकींवरच्या, आपली मोजदाद कुठे पाहायची हेच ठाऊक नसते.

उमेदवारांची निवेदने अर्जाची मुदत संपताच संपादनासाठी बंद करावीत. प्रश्नोत्तरांना वेगळे पान द्यावे, उत्तरे मात्र उमेदवारानेच आपल्या खात्यातून लिहावीत, म्हणजे कोण कधी काय म्हणाले ते पानाच्या इतिहासात राहते. समितीच्या सदस्याने उमेदवाराच्या मजकुराला हात लावला, अगदी शुद्धलेखनासाठी जरी, तरी चर्चापानावर नोंद करावी.

निकालाच्या पानावर फक्त विजेत्यांची नावे नकोत. कोणत्या फेरीत कुणाची किती मते कुणाकडे गेली, तो तक्ताही हवा. आणि पुढच्या निवडणुकीसाठी हेच पान पुसून वापरू नका. वर्ष घातलेले नवे पान काढा, जुने जसेच्या तसे राहू द्या.