मागच्या सीटचाही विचार व्हावा

जुनी मारुती ८०० विकत घ्यावी, तिला नवा रंग द्यावा आणि मग मिस्त्रीकडे नेऊन ती खाली बसवून घ्यावी, ही हौस आता आमच्या मूल गावातही येऊन पोहोचली आहे. तिला ‘लोअरिंग’ हा इंग्रजी शब्दच रूढ झाला आहे. कॉलेजच्या फाटकाबाहेर अशी गाडी उभी राहिली की दोन तट पडतात. मुले कौतुकाने भोवती जमतात, आणि वडीलधारी मंडळी “पैसा नासवला!” म्हणून पुढे जातात. मला ह्या दोन्ही पक्षांशी थोडे भांडायचे आहे.

आधी वडीलधाऱ्यांशी. ही गाडी डिसेंबर १९८३ मध्ये पहिल्यांदा रस्त्यावर आली आणि जानेवारी २०१४ मध्ये तिचे उत्पादन थांबले. आमच्याकडे ती आधी डॉक्टरांच्या, ठेकेदारांच्या आणि साहेबांच्या दारात दिसे. आज हात बदलत बदलत ती धान पिकवणाऱ्याच्या अंगणात आली आहे. ज्या घरात कालपर्यंत बंडी आणि सायकल एवढीच वाहने होती, त्या घरातल्या मुलाला ती आपल्या मनासारखी सजवावीशी वाटली तर त्यात थिल्लरपणा कसला? पोळ्याला बैलांची शिंगे रंगवतो, तेव्हा त्याला कोणी उधळेपणा म्हणत नाही. शिवाय गाडी बेताने खाली असली तर तिचा गुरुत्वमध्य खाली येतो आणि वळणावर ती कमी कलते, हेही खरेच आहे.

आता माझ्या मित्रांशी. मित्रहो, स्प्रिंग निवडताना तुम्ही “किती इंच खाली?” एवढाच प्रश्न विचारता. मला वाटते, पहिला प्रश्न “मागच्या सीटवर कोण बसणार?” हा असावा.

कला शाखेच्या विद्यार्थ्याने स्प्रिंगचे गणित सांगावे, हे काहींना विचित्र वाटेल. पण ते अवघड नाही. खड्ड्याचा हादरा स्प्रिंग दबून सोसते. गाडी खाली बसवली की दबायला उरलेली जागा कमी होते. ती जागा अर्धी झाली, तर तोच हादरा सोसायला स्प्रिंग चौपट कडक लागते. म्हणजे लोअरिंगची चांगली स्प्रिंग ही नुसती आखूड नसते, ती अधिक कडक असते, आणि तिला आवरू शकेल असे शॉकअपही सोबत लागतात. नाहीतर गाडी उड्या मारत राहते.

पण अशा संचाला पैसे पडतात. म्हणून आमच्याकडे सोपा मार्ग निघतो : मूळ स्प्रिंगचा एखादा वेढा कापून टाकायचा. समजा, स्प्रिंगला काम करणारे आठ वेढे आहेत आणि त्यातला एक कापला. राहिलेले सात वेढे पूर्वीपेक्षा सुमारे १४ टक्केच कडक होतात. उंची मात्र त्या मानाने बरीच जाते. मग खड्ड्यात स्प्रिंग पुरेशी नसते, गाडी रबरी बफरवर आदळते आणि तो दणका थेट बॉडीला आणि माणसांच्या पाठीला बसतो. कापलेले टोक आपल्या जागी नीट बसत नाही, आणि चाक लटकले की स्प्रिंग सैल होऊन सरकण्याची भीती राहते, ती वेगळीच. कापलेली स्प्रिंग ही काटकसर नव्हे, असे माझे स्पष्ट मत आहे.

रस्त्याचाही विचार करा. ह्या गाडीचे पोट जमिनीपासून सुमारे १७ सेंटिमीटर उंच. चाके बारा इंची. इंडियन रोड्स काँग्रेसने सांगितलेला गोल गतिरोधक १० सेंटिमीटर उंचीचा आणि ३.७ मीटर रुंदीचा आहे. गाडी ४ सेंटिमीटर खाली घेतली की उरले १३, आणि माणसे भरली की त्याहून कमी. शिवाय आमच्या गावोगावचे गतिरोधक पुस्तक वाचून बांधलेले नसतात! इंजिनाचे ऑइल चेंबर घासले, फुटले, तर चिचपल्लीच्या जंगलात रात्री मिस्त्री कुठून आणणार?

कायद्याचीही बाजू आहे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार आर. सी. बुकातील मूळ तपशिलाशी न जुळणारा बदल गाडीत करता येत नाही. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच बजावले. तेव्हा खर्च करण्यापूर्वी परिवहन कार्यालयात विचारून घेणे शहाणपणाचे.

आणि आमच्या गाड्या रिकाम्या फिरतात कुठे? दिवाळीनंतर झाडीपट्टीत नाटकांचा हंगाम सुरू झाला की एकेका गाडीत सात-सात जण कोंबलेले असतात. धानाचा कट्टा डिकीत असतोच. आणि अडलेल्या बाळंतिणीला चंद्रपूर किंवा गडचिरोलीला न्यायचे झाले, तर रात्री-अपरात्री शेजारी ह्याच गाडीला हाक मारतात. ती बाई मागच्या सीटवर असते. तिला स्प्रिंग निवडताना कोणी विचारलेले नसते.

माझे बाबा शाळेत फारसे गेले नाहीत. पण बंडी भरताना ती उलार होऊ नये म्हणून ओझे पुढे-मागे सरकवून पाहिल्याशिवाय ते बैल जुंपत नसत. आधी ओझे, मग वाट, मग बंडी, असा त्यांचा क्रम. स्प्रिंग निवडण्याचा क्रमही हाच असावा, असे मला वाटते. एकटाच फिरणारा असाल, परवानगी असेल आणि पैसे असतील, तर चारही चाकांचा जुळता संच घ्या. उंची दोन-अडीच सेंटिमीटरपेक्षा जास्त उतरवू नका, नंतर चाकांचे अलाइनमेंट करून घ्या आणि जुन्या स्प्रिंगा भंगारात न देता माळ्यावर जपून ठेवा. पण घरातली एकच गाडी असेल आणि सारे गाव तिच्यावर विसंबून असेल, तर तिला रंग द्या, चाके चकचकीत करा, काचेवर आवडेल ते नाव लिहा. स्प्रिंगा मात्र कंपनीच्याच असू द्या.