उमेदवारी कोणाची, आणि कोणाच्या पैशावर?

गेल्या महिन्यात लातूर येथे विद्यार्थी व पालक यांच्यासाठी भरलेल्या एका मार्गदर्शन-सभेत एका बहुश्रुत गृहस्थांनी लहान विमान कंपन्यांतील वैमानिकांविषयी जे विचार मांडले, ते ऐकून मी घरी परतलो तो अस्वस्थ होऊनच. आणि त्या विचारांना मिळालेल्या टाळ्या आठवल्या की ती अस्वस्थता अद्यापि उणावत नाही. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे: नांदेड-लातूरसारख्या गावांना विमान परवडले पाहिजे, ते परवडावयाचे तर लहान कंपनीने मोठ्या कंपनीसारखे वेतन देऊन चालणार नाही, लहान कंपनीतील नोकरी ही उमेदवारीच होय, तीत तरुणाने दोन-चार वर्षे कशीबशी गुजराण करावी, उड्डाणाचे तास गाठीस बांधावे आणि मग मोठ्या कंपनीत जाऊन लाखांनी पगार मोजावा. ज्याला हे सोसत नाही त्याने या पेशात पडूच नये, हे त्यांचे भरतवाक्य.

उमेदवारी हा शब्द आपल्या भाषेत जुना आहे आणि त्याला एक अब्रू आहे. सोनाराच्या दुकानी बसलेला उमेदवार वर्षानुवर्षे भाता फुंकी. त्याला पगार मिळत नसे, परंतु त्याने बिघडविलेल्या दागिन्याची तूट उस्ताद सोशी आणि दोन वेळचे जेवण उस्तादाच्या घरी होई. जुन्या कचेऱ्यांत उमेदवार कारकून बिनपगारी खर्डे लिहीत, हेही खरे. परंतु कचेरीच्या सतरंजीवर बसावयास मिळावे म्हणून त्यांनी आधी सरकारात लाखो रुपयांचा भरणा केलेला नव्हता. उमेदवारीचे मर्मच हे की, शिकविण्याचा खर्च शिकविणाऱ्याने करावयाचा आणि शिकणाऱ्याने त्याची फेड कष्टाने करावयाची. आता वैमानिकाकडे पाहा. बारावीला भौतिकशास्त्र व गणित घेऊन तो उत्तीर्ण होतो, प्रथम श्रेणीची वैद्यकीय तपासणी देतो, दिशाशास्त्र, हवामानशास्त्र आणि विमाननियम यांच्या परीक्षा देतो, व्यावसायिक परवान्यासाठी दोनशे तास उड्डाण करतो. आणि या सर्वांचा खर्च, जो अर्ध्या कोटीच्या आसपास जातो व पुष्कळदा त्याही पलीकडे, तो कंपनी करीत नाही, त्याचा बाप करतो. एवढ्याने भागत नाही. परवाना हाती आला तरी विशिष्ट जातीचे विमान चालविण्याचे शिक्षण निराळे घ्यावे लागते. त्याचेही लाखो रुपये बहुधा त्यालाच भरावे लागतात, आणि जेथे कंपनी भरते तेथे ती काही वर्षांचा करारनामा लिहून घेते. ज्याने शिक्षणाची पैन् पै स्वतः मोजली, त्याला उमेदवार म्हणणे हा शब्दाचा अपहार आहे.

आणि काम तरी उमेदवाराचे असते काय? दोन पंख्यांचे, सत्तर-बहात्तर आसनांचे एटीआर विमान धावपट्टीवरून उचलले जाते तेव्हा उजव्या आसनावरील सहवैमानिक हा कायद्याने पुरा वैमानिक असतो. तो नसेल तर विमान जागचे हलू शकत नाही. मुंबईहून लंडनला जाणारा वैमानिक एक उड्डाण करतो व एकदा उतरतो. तासाभराच्या मार्गांवरील वैमानिक एका दिवसात चार-चार वेळा चढतो-उतरतो, आणि चढणे व उतरणे हेच या विद्येतील अवघड अंग आहे.

माझा एक स्नेही औसा तालुक्यात सोयाबीन-तूर पिकवितो. त्याच्या घरातील लोखंडी पेटीत दोन कागदपत्रे एकाखाली एक ठेवलेली मी पाहिली आहेत. एक, त्याच्या मुलाची उड्डाण-नोंदवही: आडव्या लांब पानांवर तारीख, विमानाचा नोंदणी क्रमांक, निघण्याचे व पोहोचण्याचे ठिकाण, तास आणि मिनिटे, आणि प्रत्येक पानाच्या तळाशी नीट काढलेली बेरीज. दुसरा, सातबाऱ्याचा उतारा: त्याच्या ‘इतर हक्क’ या रकान्यात बँकेच्या बोजाची नोंद, फेरफार क्रमांकासह. मुलगा एका लहान कंपनीत रुजू झाला. पहिले वर्ष वेतन वेळेवर आले, पुढे ते महिना-दीड महिना रेंगाळू लागले, आणि शेवटी कंपनीची विमानेच उभी राहिली. नोंदवहीतील बेरीज त्या दिवशी थांबली. सातबाऱ्यावरील बोजा थांबला नाही.

लहान कंपनी ही शिडी आहे, असे ते गृहस्थ म्हणाले. शिडीच्या पायऱ्या किती दिवस टिकतात हे त्यांनी सांगितले नाही, ते मी सांगतो. 27 एप्रिल 2017 रोजी लहान शहरांसाठीच्या उडान योजनेतील पहिल्या विमानांना निशाण दाखविण्यात आले, त्यांत शिमला-दिल्लीबरोबर नांदेड-हैदराबाद हेही विमान होते. तासाभराच्या प्रवासाला अडीच हजारांच्या आसपास भाडे, हे त्या दिवशी नांदेडात घरोघरी बोलले गेले. ती सेवा चालविणाऱ्या ट्रूजेटची उड्डाणे 2022 च्या फेब्रुवारीत बंद पडली. पाच वर्षेही भरली नाहीत. जळगावला मुंबईशी जोडणाऱ्या एअर डेक्कनने 2020 च्या एप्रिलमध्ये उड्डाणे थांबवून कर्मचाऱ्यांना बिनपगारी घरी बसविले. महालेखापरीक्षकांच्या 2023 च्या अहवालाप्रमाणे योजनेच्या पहिल्या तीन फेऱ्यांत दिलेल्या 774 मार्गांपैकी 371 सुरू झाले, 112 मार्गांनी तीन वर्षांची मुदत पुरी केली, आणि मुदतीनंतरही चालू राहिलेले मार्च 2023 अखेर केवळ 54. शेतकऱ्याने काढलेल्या कर्जाची मुदत दहा-पंधरा वर्षांची, आणि ज्या मार्गावर मुलाने ते फेडावयाचे त्याचे आयुष्य बहुधा तीन वर्षांचेही नाही! कंपनी बुडाली की ज्येष्ठतेची यादीही बुडते. नव्या ठिकाणी तो पुन्हा शेवटच्या क्रमांकावर. दर सहा महिन्यांची तपासणी चुकली, नव्वद दिवसांत तीन उड्डाणे व तीन अवतरणे झाली नाहीत, तर परवाना खिशात असूनही त्याला प्रवासी विमानाच्या आसनावर बसता येत नाही. शिवाय 2017 च्या नियमाने कप्तानाला नोकरी सोडण्यापूर्वी एक वर्षाची व सहवैमानिकाला सहा महिन्यांची सूचना देणे बंधनकारक आहे. कंपनी मात्र एका रात्रीत दारे लावू शकते.

वेतन वाढविल्यास भाडे वाढेल, हा आक्षेप त्रैराशिकाने सुटतो: दोन्ही वैमानिकांना दर उड्डाणामागे प्रत्येकी हजार रुपये अधिक दिले आणि विमानात पन्नासच प्रवासी धरले, तरी दरडोई बोजा चाळीस रुपयांचा.

कमी वेतनाचा परिणाम केवळ वैमानिकाच्या घरापुरता राहत नाही. 12 फेब्रुवारी 2009 रोजी अमेरिकेत बफेलो गावाजवळ एका लहान कंपनीचे पंख्याचे विमान कोसळून 50 माणसे गेली. कप्तानाची चुकीची हालचाल हे कारण ठरले. परंतु चौकशीत हेही उघड झाले की, तुटपुंज्या पगारावरील चोवीस वर्षांची सहवैमानिक पश्चिम किनाऱ्यावर आईवडिलांकडे राहत होती आणि आदल्या रात्री देश ओलांडून कामावर आली होती. पुढे तेथे वैमानिकांची टंचाई भासली, तेव्हा 2022 मध्ये त्याच वर्गातील काही कंपन्यांनी नव्या सहवैमानिकाचे वेतन ताशी 90 डॉलरवर नेले. म्हणजे पैसा नव्हता असे नाही.

‘तुमची गरज लहान, म्हणून तुम्हाला लहानच मिळेल,’ हे आम्हा मराठवाड्यातील लोकांना नवे नाही. लातूरला 1911 साली आलेली बार्शी लाइट रेल्वे अडीच फुटी रुळांवरून धावे, आणि रुंद रुळांची मागणी करणाऱ्यांना माल किती, उतारू किती, असे विचारले जाई. या शतकाच्या आरंभी रूळ रुंद झाले, आणि 2016 च्या एप्रिलमध्ये तहानलेल्या लातूरसाठी मिरजेहून पाण्याची गाडी त्याच मार्गाने आली. हा वाद मी तरुणपणी पुष्कळदा केला आहे. तो विमानाच्या रूपाने पुन्हा दारात येईल असे वाटले नव्हते.

मग करावे काय? उडान मार्गांवर सरकार कंपन्यांना तोट्याची भरपाई देते, तीत राज्याचा हिस्सा वीस टक्के असतो, म्हणजे ती आपल्या करातून जाते. अशा मार्गाचा ठेका देताना सर्व वैमानिकांचे व कर्मचाऱ्यांचे सहा महिन्यांचे वेतन कंपनीकडून अनामत घ्यावे, आणि वेतन एक महिना थकले की ते त्यातून परस्पर द्यावे. कंपनी बंद पडल्यास करारनामे आपोआप रद्द व्हावेत आणि शिक्षणाच्या कर्जाच्या हप्त्यांना नवी नोकरी लागेपर्यंत तहकुबी मिळावी. वैमानिक टिकला तर मार्ग टिकेल, असा माझा विश्वास आहे. आजवर याच्या उलट क्रमाने प्रयोग झाले.

गेल्या रविवारी तो स्नेही घरी आला होता. बराच वेळ पावसापाण्याच्या गोष्टी झाल्यावर त्याने विचारले, “गुरुजी, हा बोजा उतरवायला तलाठ्याकडं काय काय द्यावं लागतंय?” मी म्हणालो, बँकेचा बेबाकी दाखला. “अन् तो कधी मिळतो?” कर्जरोखा त्याने बरोबर आणला होता; मी चष्मा लावून शेवटच्या हप्त्याची तारीख पाहिली. अजून अकरा वर्षे होती.