वीज गेली की घड्याळ बघा

३ जून २०२० च्या ‘निसर्ग’ चक्रीवादळानंतर केळशीसह दापोलीच्या किनाऱ्यावरची गावे अनेक दिवस अंधारात होती. पावसाळ्यात वीज जाणे इथे नित्याचेच; म्हणून कोकणातल्या वृद्धाश्रमाच्या स्वयंपाकघरात फ्रिजइतकेच घड्याळही महत्त्वाचे. ५ ते ६० अंश सेल्सिअसच्या दरम्यान जंतू झपाट्याने वाढतात. भातातल्या ‘बॅसिलस सिरियस’ या जंतूचे बीजाणू शिजवूनही टिकतात, भात तासन्‌तास बाहेर राहिला तर विष तयार होते, आणि ते पुन्हा गरम करूनही जात नाही. तरुण माणूस त्यातून सावरतो, ऐंशीच्या आजींच्या मात्र उलट्या-जुलाब जिवावर बेतू शकतात. म्हणून भात लागेल तेवढाच रांधावा, उरलेला परातीत पसरून निववावा आणि लगेच फ्रिजमध्ये ठेवावा. वीज चार तासांहून जास्त गेली, तर फ्रिजमधले दूध, आमटी, मासे टाकून द्यावेत. अन्न टाकताना हात अडखळतो, पण इथे टाकणे हीच सेवा आहे.