शिनचॅन मराठीत काऊन नाही बोलत?

“मामा, हा मराठीत काऊन नाही बोलत?”

इंटरव्हलमध्ये पॉपकॉर्न खाता खाता भाच्याने विचारलं. तो मंगरुळपीरचा, दुसरीतला. दसऱ्याला ताई त्याला घेऊन पुण्यात माझ्याकडे आली होती, म्हणून त्याला शिनचॅनचा नवा सिनेमा दाखवायला नेलं. २०२५ चाच सिनेमा, आणि यावेळी कासुकाबेची पोरं नाचायला थेट भारतात येतात. आम्ही तो हिंदीत पाहिला. मराठीत नव्हताच.

“तुला समजते ना हिंदी?” मी म्हटलं.

“मले समजते. पण त्याले मराठी काऊन नाही समजत?”

मला उत्तर सुचलं नाही. तेव्हापासून डोक्यात तेच आहे.

आमची अख्खी पिढी हंगामावरच्या शिनचॅनवर वाढली. वाशिम जिल्ह्यात घराबाहेर वऱ्हाडी आणि टीव्हीसमोर हिंदी. लाईट गेली की अंगणात खेळायचो, तेही हिंदीत. सुपरहिरो व्हायचं तर हिंदीत, व्हिलनला धमकी द्यायची तर हिंदीत. मराठी उरली ती जेवायला बोलावण्यापुरती. हिंदीशी माझं भांडण नाही, तिने मला शिनचॅन दिला. भांडण आपल्या आळसाशी आहे.

पहिलीपासून हिंदीच्या जीआरवरून २०२५ मध्ये आपण केवढा गदारोळ केला. जूनअखेर सरकारला जीआर मागे घ्यावे लागले. चांगलंच झालं. पण पोरगं पहिलीत जायच्या आधीच कार्टूनमधून हिंदीत स्वप्नं बघायला लागतं, त्यावर कोणी मोर्चा काढला?

“मराठी माणसाला हिंदी कळते, मग डबिंगचा खर्च कशाला?” हे नेहमीचं उत्तर. हैदराबादच्या पोरांना हिंदी कळत नाही का? तरी सप्टेंबरमध्ये आलेला ‘डीमन स्लेयर: इन्फिनिटी कॅसल’ हिंदीसोबत तमिळ आणि तेलुगूतही होता. २०११ च्या जनगणनेत मराठी मातृभाषा सांगणारे ८.३ कोटी, तेलुगू ८.१ कोटी, तमिळ ६.९ कोटी. म्हणजे माणसं कमी नाहीत. मागणारे कमी आहेत.

दुसरी भीती, डबिंग आलं तर मराठी सिनेमा मरेल. कर्नाटकात याच भीतीने इंडस्ट्रीने कित्येक वर्षं डबिंग अडवून धरलं. २०१५ मध्ये स्पर्धा आयोगाने त्याविरुद्ध निकाल दिला. कन्नड सिनेमा मेला का? ‘केजीएफ’ आणि ‘कांतारा’ त्यानंतरचेच.

तिसरं म्हणणं, मराठी डबिंग कृत्रिम वाटतं. वाटणारच, वाईट केलं तर. भा. रा. भागवतांनी ज्यूल व्हर्न मराठीत आणला तेव्हा पोरांना तो परका वाटला नाही, कारण भाषांतर करणाऱ्याला पोरांची भाषा येत होती. शिनचॅनसारख्या आगाऊ पोराच्या तोंडी वऱ्हाडी किती शोभेल, याचा विचार तरी करून बघा.

आता माझी कबुली. आधीच्या नोकरीत एका ॲपच्या भाषांचं काम माझ्याकडे होतं. मराठीचं तिकीट मीच बंद केलं. कारण लिहिलं: वापर कमी. वापर कमी का होता? मशीनने केलेलं ते मराठी इतकं भयाण होतं, की मी स्वतः ते ॲप इंग्रजीत वापरायचो. आधी वाईट द्यायचं, मग कोणी घेत नाही म्हणून बंद करायचं. थिएटरवाल्यांना शिव्या घालताना हे आठवतं आणि जीभ जड होते.

म्हणून एवढंच सांगतो. पुढचा ॲनिमे सिनेमा येईल तेव्हा तिकीट काढण्याआधी मराठी आहे का ते विचारा. वितरकाला लिहा, थिएटरला लिहा. आणि मराठीत आलाच तर हिंदीतला शो सोडून त्याचं तिकीट काढा. नुसत्या स्टेटसने काही होत नाही.

भाच्याला मी अजून उत्तर दिलेलं नाही. ‘परवडत नाही’ हे मला पटत नाही. ‘कोणी मागितलंच नाही’ हे खरं आहे, आणि न मागणाऱ्यांत त्याचा मामाही आहे.