सूचनेला मुभा, प्रश्नाला मज्जाव

खासगी एफएम केंद्रावरील सकाळचा निवेदक आज कोणत्या भागात वीज नसेल, नळाला पाणी केव्हा येईल, कोणता रस्ता बंद आहे, हे सांगू शकतो. तोच रस्ता पुन्हा का खोदला, याची स्वतंत्र बातमी मात्र त्याला देता येत नाही. २०११च्या एफएम धोरणाने प्रशासनाकडून येणारी नागरी माहिती ‘बातमी’च्या व्याख्येतून वगळली, बातम्या मात्र आकाशवाणीच्याच आणि त्याही जशाच्या तशा प्रसारित करण्याचे बंधन ठेवले. २००६मध्ये स्वयंसेवी संस्थांना खुल्या झालेल्या सामुदायिक रेडिओलाही स्वतःच्या बातम्यांची मोकळीक मिळाली नाही.

सरकार सुरक्षेकडे आणि देखरेखीतील अडचणींकडे बोट दाखवते. परंतु वृत्तपत्रे, वाहिन्या व संकेतस्थळांना असलेले स्वातंत्र्य रेडिओलाच धोकादायक कसे ठरते? ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९५मध्येच स्पष्ट केले आहे.

दूरसंचार नियामक प्राधिकरणाने सप्टेंबर २०२३मध्ये खासगी एफएमला तासाला दहा मिनिटे बातम्या व चालू घडामोडींसाठी देण्याची शिफारस केली. गोव्यासारख्या लहान राज्यात ही दहा मिनिटे थोडी नव्हेत. भूरूपांतरावरून ग्रामसभा तापते, तेव्हा पंच आणि ग्रामस्थ या दोघांचेही म्हणणे दुसऱ्या दिवशी सकाळी गावाला ऐकता येईल. ही सवलत सामुदायिक रेडिओलाही मिळायला हवी. प्रशासनाची सूचना पोहोचवणारे माध्यम नागरिकांचा प्रश्नही पोहोचवू शकले, तरच ते खऱ्या अर्थाने स्थानिक ठरेल.